फाळक्यापासून जमिनीपर्यंत अर्धा सेकंद

दहा चाकी ट्रकचा मागचा फाळका खाली सोडा आणि हौद्याच्या फरशीची जमिनीपासूनची उंची मोजा. साधारण सव्वा मीटर भरेल, म्हणजे चार फुटांच्या किंचित वर. आठवीतला मुलगा शाळेच्या कठड्यावरून एवढी उडी रोज मारतो आणि हसत पळून जातो. मग याच उंचीवरून पडलेला धडधाकट हमाल सहा सहा महिने घरी का बसतो? कुणाची टाच चुरते, कुणाचं मनगट मोडतं, कुणाचा मणका दबतो. चार फुटांत असं घडतं तरी काय?

जे घडतं ते सगळं अर्ध्या सेकंदात. तेवढ्या वेळात कानातले स्फटिक, पोटरीचे स्नायू, टाचेखालची चरबी, कण्यातले मणके आणि पाठीवरचं पोतं हे सगळे आपापलं काम बजावून मोकळे होतात. तो अर्धा सेकंद सावकाश उलगडून पाहिला, तर माणसाच्या शरीराबद्दलचा आदर दुणावतो आणि हे शरीर नेमकं कुठं कमी पडतं तेही लख्ख दिसतं.

उलगडायला जागाही तशीच घेऊ. सिंधुदुर्गाच्या उत्तर टोकाला शुकनदीच्या काठी वसलेलं खारेपाटण. आज मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव म्हणून ते आपल्याला माहीत असतं, पण एके काळी हे बंदर होतं! समुद्र इथून दूर, विजयदुर्गाची खाडी सुमारे ४० किलोमीटर आत आलेली. भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन मालाच्या होड्या इथवर पोहोचत. इथं सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ मधला आहे. देवळाच्या खर्चासाठी दूरदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, म्हणजे तेव्हाचं एक नाणं, त्यात लावून दिलेला आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच जहाजं इतक्या नेमानं येत होती, की त्यांच्या करावर देवळाचा खर्च भागावा. त्या जहाजांतला माल कुणी उतरवला असेल? यारी नव्हती, यंत्र नव्हतं. पाठ होती आणि पाय होते.

आता जहाजांच्या जागी ट्रक आले. सिमेंट येतं, पावसाळ्याच्या तोंडावर खत येतं, तांदूळ येतो, पत्रे येतात, आणि कोकणचा खास माल म्हणजे जांभ्याचे चिरे. पाचशे किलोमीटरचं अंतर इंजिन कापतं. शेवटचे चार फूट मात्र अजून माणसाच्या पाठीवरूनच कापले जातात.

समजा, पाऊस नुकताच पडून गेलाय आणि फाळक्याच्या कडेवर उभ्या असलेल्या गड्याचा पाय सटकला. पहिल्या दशांश सेकंदात तो किती खाली येतो? फक्त ५ सेंटिमीटर. दोन दशांश सेकंद झाले तरी २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत. तीन दशांशाला ४४, चार दशांशाला ७८, आणि अर्ध्या सेकंदाला १२२ सेंटिमीटर. जमीन आली! आकडे पुन्हा एकदा पाहा. पहिल्या दशांशात ५ सेंटिमीटर आणि शेवटच्या दशांशात तब्बल ४४. पडण्याची सुरुवात फार सौम्य असते आणि सगळा वेग शेवटाला साठलेला असतो. म्हणूनच पडलेला माणूस सांगतो, "काय झालं ते कळलंच नाही." त्याला कळायला लागलं तेव्हा बराचसा प्रवास संपलेला असतो.

जमिनीला टेकताना त्याचा वेग असतो ताशी सुमारे १८ किलोमीटर. मालाच्या थप्पीवरून, म्हणजे साडेतीन मीटरवरून पडला तर तोच वेग ताशी ३० किलोमीटर होतो. गावातल्या रस्त्यावरून स्कूटर चालते त्या वेगानं, अंगाभोवती काहीही नसताना, जमिनीवर आदळायचं.

पडणाऱ्याच्या पाठीवर ५० किलोचं पोतं असेल तर? पोत्यामुळं तो जास्त वेगानं पडत नाही. जड आणि हलकं दोन्ही सारख्याच वेळात खाली येतात. याहून नवलाची गोष्ट ही, की त्या अर्ध्या सेकंदात पोत्याचं ओझं त्याला अजिबात जाणवत नाही. पोतंही पडतंय, माणूसही पडतोय, मग कोण कुणाला दाबणार? १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइनस्टाइनला नेमका हाच विचार सुचला होता, की मोकळा पडणारा माणूस स्वतःचं वजन विसरतो. पुढं त्यातून गुरुत्वाकर्षणाचा अख्खा नवा सिद्धांत उभा राहिला. आयुष्यभर ओझं वाहणारा हमाल खरोखर ओझ्याविना असतो तो फक्त या अर्ध्या सेकंदात. आणि लगेच त्याचा हिशोब चुकता होतो. माणूस जमिनीवर थांबतो, पण पोत्याला अजून कुणी थांबवलेलं नसतं. ते ताशी १८ किलोमीटरनं त्याच्या मानेवर, खांद्यावर, कमरेवर येऊन थांबतं. रिकाम्या हातानं पडणं आणि पोत्यासकट पडणं यांतला फरक पडताना नसतो, थांबताना असतो.

दरम्यान शरीर गप्प बसलेलं नसतं. तुमच्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. मालवणच्या किनाऱ्यावर सापडणारा शिंपला ज्या पदार्थाचा बनतो, तोच हा पदार्थ. हे स्फटिक वजनानं खालच्या संवेदनशील केसांवर दाब देत असतात आणि त्या दाबावरून मेंदूला वर कुठलं, खाली कुठलं ते कळतं. पाय सुटला की हा दाब एकदम नाहीसा होतो. तोच इशारा! तो मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाकडे जाऊन परवानगी मागत बसत नाही. थेट कण्यातून खाली पायांकडे धावतो, आणि एक दशांश सेकंदाच्या आतच पोटरीचे स्नायू आवळायला लागतात. तोवर माणूस पुरता ५ सेंटिमीटरही पडलेला नसतो. त्याला स्वतःला आपण पडतोय हे ठाऊक व्हायच्या आधी त्याचे पाय उतरायच्या तयारीला लागलेले असतात!

मग एवढी चपळ यंत्रणा असूनही हाडं का मोडतात? कारण तयारी सुरू होणं वेगळं आणि पुरी होणं वेगळं. पाय शरीराखाली आणायचे, गुडघे किंचित वाकवायचे, धड सरळ करायचं, ओझं बाजूला फेकायचं, एवढी कामं उरलेल्या चार दशांश सेकंदांत मावत नाहीत. शाळेतला मुलगा उडी मारतो तेव्हा हे सगळं त्यानं उडीच्या आधीच ठरवलेलं असतं. हमालाला पडायचं नसतंच, त्यामुळं त्याची कसलीच तयारी नसते. उंची दोघांची सारखी, पण तयारीनं मारलेली उडी आणि अवचित झालेलं पतन या दोन पूर्ण निराळ्या घटना आहेत.

आता जमीन येते. पडण्यानं इजा होतच नाही, इजा होते थांबण्यानं. आणि किती इजा होईल हे ठरतं थांबायला किती अंतर मिळालं यावर. हापूस काढताना आंबा झेल्यात पडला तर त्याला ओरखडासुद्धा येत नाही, आणि तोच आंबा तेवढ्याच उंचीवरून कातळावर पडला तर फुटतो. झेल्याची जाळी खाली झुकत झुकत आंब्याला थांबवते, कातळ जराही झुकत नाही. माणसाचे गुडघे आणि घोटे म्हणजे शरीरानं स्वतःसाठी बांधलेला झेला. सव्वा मीटरवरून आलेलं शरीर गुडघे मुडपत अर्धा मीटरभर खाली बसत थांबलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या साडेतीन पट जोर येतो. ६० किलोच्या माणसाला तो दोनशे दहा किलोंइतका. निरोगी पाय एवढं निभावून नेतात. पण पाय ताठ राहिले, टाच सिमेंटच्या कोब्यावर आदळली आणि थांबायला अडीच सेंटिमीटरच मिळाले, तर तोच जोर वजनाच्या पन्नास पटीवर जातो. म्हणजे तीन टन! माणूस तोच, उंची तीच. बदललं फक्त थांबायचं अंतर.

या जोराला पहिलं तोंड देते टाच. टाचेच्या कातडीखाली दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा चरबीचा थर असतो, आणि ही चरबी बारीक बारीक कप्प्यांत बंद केलेली असते, म्हणून दाब आला की ती बाजूला पळत नाही. रोजच्या चालण्याचे हजारो ठोके ती निमूट पचवते. तिच्यावरचं टाचेचं हाड बाहेरून पातळ कवचाचं आणि आतून सच्छिद्र असतं, त्यामुळं पाऊल हलकंही राहतं आणि मजबूतही. पण तीन टनांपुढं ते कवच आत चेपतं. अशी टाच चुरलेला रुग्ण आला की जाणता डॉक्टर एवढ्यावर थांबत नाही. तो कंबरही तपासतो. का? कारण टाचेवर आलेला जोर तिथंच संपत नाही. तो नडगीतून, मांडीतून, कटीतून वर चढत कण्यापर्यंत जातो.

आणि कण्यात तो नेमका कुठं घाव घालतो, तेही मोठं चकित करणारं आहे. पाठीच्या वरच्या भागातले मणके बरगड्यांनी जखडलेले असतात, ते फारसे हलत नाहीत. कमरेचे मणके मोकळे, वाकणारे. जखडलेला भाग संपून मोकळा भाग सुरू होतो तो सांधा शेवटच्या बरगडीच्या आसपास, पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका यांच्यापाशी. धड पुढं वाकून जोर आला की सगळा ताण याच ठिकाणी गोळा होतो आणि मणका पुढच्या बाजूनं दबतो. पायाची टाच आणि कमरेचा मणका, एकमेकांपासून तीन-साडेतीन फुटांवरची दोन हाडं, एकाच क्षणी एकाच धक्क्यानं मोडू शकतात. टाच इतकी ठणकत असते, की कमरेकडे रुग्णाचंही लक्ष जात नाही.

काही जण पायांवर न येता हातांवर येतात. तोल गेला की हात आपोआप पुढं होतात. ही आपल्या अंगात मुरलेली सवय आहे, तोंड आणि डोकं वाचवणारी. किंमत भरतं ते मनगट. तळवा टेकतो, हात ताठ असतो, आणि अंगठ्याच्या बाजूचं मोठं हाड मनगटाच्या जरा मागं मोडून वर सरकतं. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी या मोडण्याचं अचूक वर्णन १८१४ साली लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये! म्हणजे कातडीखालचं हाड दिसण्याची सोय व्हायच्या ऐंशी वर्षं आधी, केवळ बोटांनी चाचपून आणि मनगटाचा आकार निरखून, त्यांनी ते ओळखलं होतं. आजही डॉक्टर त्या मोडण्याला त्यांचंच नाव देतात.

थांबण्याच्या अंतराचं हे गणित माणसाला नीट उमगलं ते एका वाचलेल्या माणसामुळं. ह्यू डी हेवन हा तरुण पहिल्या महायुद्धात विमान उडवायला शिकत असताना १९१७ साली हवेत दोन विमानांची टक्कर झाली आणि तो जबर जखमी होऊनही जगला. आपण वाचलो कसे, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. पुढं त्यानं ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या घटना गोळा केल्या, ते जिथं पडले तिथली माती किती इंच दबली ते पाहिलं आणि १९४२ साली निष्कर्ष मांडला. शरीर पसरून टेकलं आणि खालचा पृष्ठभाग काही इंच जरी दबला, तर माणूस क्षणभर स्वतःच्या वजनाच्या दोनशे पट जोरही सोसू शकतो. या विचारातून पुढं मोटारींतली सुरक्षा जन्माला आली. म्हणजे बागेतल्या भुसभुशीत मातीवर शंभर फुटांवरून पडलेला वाचू शकतो आणि ट्रकमागच्या कोब्यावर चार फुटांवरून डोक्यावर पडलेला दगावू शकतो. "एवढ्याशा उंचीवरून पडून काय होतंय" असं म्हणणाऱ्यानं ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

हे झालं पाय सुटल्यानंतरचं. आता थोडं मागं जाऊ. पाय सुटतोच का?

आधी तोल म्हणजे काय ते पाहू. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. साडेपाच फुटी, ६० किलोच्या माणसात तो जमिनीपासून अंदाजे ९२ सेंटिमीटरवर. आता त्याच्या खांद्या-पाठीवर ५० किलोचं पोतं द्या. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य चढतो ११८ सेंटिमीटरवर, म्हणजे बेंबीपासून थेट छातीत. पोतं १०० किलोचं असेल तर १२८ वर. पावलं मात्र तेवढीच, तोल सावरायला जागा तेवढीच. जितकं वजन वर, तितका कमी झुकाव तोल घालवायला पुरतो. मुरलेला हमाल ओझ्याखाली वाकून, गुडघे किंचित मुडपून, झपझप लहान पावलं टाकत चालतो ते यासाठीच. वाकल्यानं वजन खाली येतं, आणि लहान पावलांमुळं ते पायांच्या बाहेर जात नाही. भौतिकशास्त्राचं पुस्तक न उघडता त्याच्या शरीरानं हे गणित सोडवलेलं असतं.

पुढं फळी. सव्वा मीटर उंचीला १२ फुटी फळी लावली तर चढ साधारण २० अंशांचा होतो. सपाट जमिनीवर चालताना तळपायाला जेवढी पकड लागते, त्यापेक्षा कितीतरी जास्त पकड या उतारावर उभं राहायलाच लागते. फळी सहा फुटी असेल तर चढ जातो ४३ अंशांवर. त्यावर ओलं लाकूड, तळव्याला चिकटलेली तांबडी माती आणि सिंधुदुर्गात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस!

आणि आता एक अशी गोष्ट, जी ट्रकजवळ तासभर उभं राहिल्याशिवाय नजरेत भरत नाही. भरलेली गाडी येते तेव्हा तिचे कमानपाटे वजनानं दबून जवळजवळ सपाट झालेले असतात. एकेक पोतं उतरतं तसतसे पाटे पुन्हा कमान घेतात आणि हौदा इंच इंच वर उचलला जातो. पाटे सगळेच मोकळे होईतो फरशी दहा सेंटिमीटरनं उंच झाली तरी नवल नाही. म्हणजे सकाळी ज्या पायरीचा अंदाज पायाला बसला होता, ती दुपारी तिथं नसतेच. फळीचा चढ वाढलेला, उतरायची उंची वाढलेली, आणि माणूस तोवर दमलेला. जिना चढताना एक पायरी अर्ध्या इंचानं उंच असली तरी आपण ठेचकाळतो. इथं तर पायरीच हळूहळू वाढत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

सगळ्यात फसवं पडणं असतं ते पाठमोरं. हौद्यातला गडी आतलं पोतं आकडा लावून कडेकडे ओढतो. ओढताना तो मागं रेलतो आणि त्याचा तोल त्या पोत्याच्या अडण्यावर टिकलेला असतो. एवढ्यात आकडा निसटला, गोणीचा कोपरा फाटला किंवा अडकलेलं पोतं एकदम सुटलं, तर तो आधार त्याच क्षणी गायब. त्याचं वजन आधीच टाचांच्या मागं गेलेलं, आणि मागं फाळक्याची कड. ताडपत्रीचा दोर खेचताना तो तुटला तरी हेच. माणूस पूर्ण ताकदीनं ओढत असतो, म्हणून पूर्ण ताकदीनं मागं फेकला जातो. जो जोर कामाचा होता, तोच त्याला खाली ढकलतो.

गोणीचाही यात हात आहे. तागाचं पोतं खरबरीत असतं, त्याची थप्पी एकमेकांना धरून राहते. प्लास्टिकच्या विणीच्या गोण्या गुळगुळीत असतात. त्या हलक्या, स्वस्त आणि ओल धरत नाहीत, पण एकमेकींवरून सरकतात आणि वर उभ्या राहिलेल्याच्या पायाखालून निसटतात. शिवाय आकड्यानं त्या फाटतात, म्हणून सिमेंटच्या गोणीला आकडा लावायची मनाई. मग पकड फक्त बोटांची. त्यातून फरशीवर सांडलेले तांदळाचे किंवा खताचे गोल दाणे पायाखाली आले की पकड उरतेच किती? आणि भर उन्हातून ताडपत्रीखालच्या अंधारात शिरल्यावर डोळ्यांना रुळायला काही मिनिटं लागतात. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत डोळ्यांचा वाटा मोठा. तेवढा वेळ थांबतो कोण?

थांबत कुणी नाही, याचं कारण हिशोबात आहे. १६ टनांची सिमेंटची गाडी म्हणजे ५० किलोच्या ३२० गोण्या. चार जणांची टोळी असेल तर प्रत्येकी ८०, म्हणजे एकेकाच्या पाठीवरून चार टन. मजुरी नगावर किंवा टनावर. जितकी लवकर गाडी खाली, तितकी लवकर दुसरी गाडी. ड्रायव्हरला पुढं गोव्याकडे निघायचं असतं, दुकानदाराला पावसाची सर यायच्या आत माल आत हवा असतो. खारेपाटणात तर शुकनदीचं पाणी बाजारपेठेत शिरायचा धाक असतो, तेव्हा तोच माल घाईघाईनं पुन्हा उचलायचा. पाऊल नीट रोवून ठेवायला जो एक क्षण लागतो, त्याचे पैसे कुणीच देत नाही.

महाराष्ट्रानं या हिशोबाकडे फार पूर्वी लक्ष दिलं, आणि ही आपल्या राज्यानं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाड्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. आज या मालकाचं, उद्या त्या मालकाचं काम करणारा हमाल अपघातानंतर दाद कुणाकडे मागणार, या प्रश्नाला त्या कायद्यानं उत्तर दिलं. मजुरी या कायद्याखालच्या मंडळात जमा होणार, मालक तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, भरणार, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार, नुकसानभरपाई उभी राहणार. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनं पोत्याचं वजन १०० किलोंवरून ५० वर आणण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनंही १९६७ साली एका प्रौढ पुरुषानं उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. मघाचे आकडे आठवा. पोतं निम्मं झालं की गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरनं खाली येतो, आणि पडलाच तर वरून येऊन आदळणारं वजनही निम्मं होतं. मोर्च्यात दिलेली घोषणा आणि शरीराचं गणित एकाच दिशेनं बोट दाखवत होते! खेड्यापाड्यांतल्या बाजारांत मात्र गाडी खाली करणारे कितीतरी हात अशा मंडळांच्या नोंदीबाहेर असतात, आणि त्यांच्यासाठी हे काम अजून पुरं व्हायचं आहे.

मग करायचं काय? अर्धा सेकंद लांबवता येत नाही. गुरुत्वाकर्षण मुंबईत जेवढं, तेवढंच खारेपाटणात. पण पाय सुटण्याआधीचं सगळं आपल्या हातात आहे, आणि त्यातलं बहुतेक स्वस्त आहे. लांब, रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी घ्या आणि तिचं वरचं टोक हौद्याला बांधा. अर्धी गाडी खाली झाली की फळी पुन्हा बघून लावा, कारण हौदा वर आलेला असतो. फरशीवरचे दाणे मधूनमधून झाडून काढा. खाच असलेल्या तळव्याचे बूट वापरा. उतरताना गाडीकडे तोंड करा आणि दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम कुठंतरी टेकलेले ठेवा. फाळक्यावरून उडी मारू नका, रिकाम्या हातानंसुद्धा. पोतं ओढायचं तर कडेला पाठ करून ओढू नका. आणि गोदामापुढं ट्रकच्या फरशीच्या उंचीचा ओटा बांधता आला, तर पडायला चार फूट उरतच नाहीत. रेल्वेच्या मालधक्क्यावर फलाट वॅगनच्या पातळीला बांधण्याची रीत किती जुनी! ज्यांनी ती आखली त्यांनी हमालाला सावध राहा असं सांगण्याऐवजी खड्डाच भरून काढला.

तरीही कुणी पडलंच, तर पहिली ओढ असते त्याला काखेत धरून उठवून बसवण्याची. ती आवरा. टाच दुखतेय, कंबर दुखतेय, पायात मुंग्या येताहेत असं तो म्हणत असेल, तर मणका दुखावल्याची शक्यता धरून चाला. "वायच पडून रव, हलू नको रे," एवढं म्हणून त्याला आहे तसाच निजू द्या, मान आणि कंबर वळू देऊ नका, १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यात पोहोचल्यावर कमरेचाही फोटो काढायला सांगा. दबलेल्या मणक्याला जागचं हलवलं नाही तर पाय शाबूत राहण्याची आशा मोठी असते.

कानातल्या चिमूटभर स्फटिकांपासून टाचेखालच्या चरबीपर्यंत, माणसाचं शरीर त्याला वाचवण्यासाठी अर्ध्या सेकंदात जेवढं करता येईल तेवढं करतं, आणि विचार सुरू व्हायच्या आधी करतं. त्याच्याकडून याहून जास्त मागता येणार नाही. बाकीचं काम गाडीचा मालक, दुकानदार आणि मुकादम यांचं आहे. त्यांच्या हाताशी अर्धा सेकंद नसतो, अख्खी सकाळ असते, आणि एक चांगली बारा फुटी फळी तयार करून घ्यायला सुताराला तेवढा वेळ पुष्कळ झाला.